बुडीचं घड्याळ

बसा.

खुर्चीत, सतरंजीवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं जागा असेल तिथं. पाठ फार ताठ करू नका. हात मांडीवर सैल सोडा.

समोर एक घड्याळ ठेवलेलं आहे. खरंच असेल तर उत्तम. नसेल तर डोळे मिटून थोडं थांबा. हळूहळू दिसू लागेल.

मनगटावर बांधायचं घड्याळ. जुनं. आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं. पोलादी अंग, काळी तबकडी, तबकडीभोवती फिरणारं काळं कडं. वरची काच मध्यभागी किंचित फुगलेली.

तबकडीच्या वरच्या भागात वाळूच्या घड्याळाचं एक लहानसं चिन्ह. त्याच्याजवळ नाव, फेव्हर-ल्यूबा. आणि आणखी दोन शब्द, डीप ब्लू.

वाचलंत. आता अक्षरं सोडून द्या.

नुसतं पाहा.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

*

पुण्यात समुद्र नाही.

हे वाक्य मनात एकदा म्हणा आणि त्याच्यापाशी थांबा.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. डीप ब्लू हे घड्याळ १९६४ साली निघालं ते दोनशे मीटर खोल पाण्यात टिकावं म्हणून. साडेपाचशे मीटर वर, दोनशे मीटर खाली. मधलं अंतर बसल्या जागेवरून मनानं उतरून पाहा.

खंडाळ्याचा घाट उतरा. पनवेलची दमट हवा अंगाला लागू द्या. खाडीचा वास येतो. मग वाळू. मग पायाला पाणी. गुडघ्याला. कमरेला. छातीला.

डोक्यावरून पाणी जातं.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतोय. शेजारच्या कुकरची शिट्टी होतेय. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओढतंय. हे सगळं अजून ऐकू येतंय ना? येऊ द्या. हाकलू नका. ते वर आहे, पाण्याच्या पृष्ठभागावर. तुम्ही थोडे खाली आहात.

पुण्याला पाणी परकं नाही. एनडीएतले नौदलाचे छात्र शिडाच्या होड्या हाकायला शिकतात ते खडकवासल्याच्या जलाशयात. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, तेव्हा मुठा नदी पेठांमध्ये शिरली होती. भिंतीवर हात ठेवून ‘इथवर’ असं दाखवणारी वयस्कर माणसं नदीकाठच्या पेठांत अजून भेटतात.

तो हात पाहा. भिंतीवरची त्याची उंची पाहा.

काही बोलू नका.

मग पुन्हा घड्याळाकडे या.

*

हे घड्याळ तुमच्यापर्यंत कसं आलं?

कदाचित जुन्या बाजारातून. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या अंगाला, बुधवारी आणि रविवारी जमिनीवर कापडं पसरली जातात. नळाच्या तोट्या, पितळी कुलपं, पाने, कढया, कॅमेऱ्यांची भिंगं. त्यांत एखाद्या पत्र्याच्या डब्यात घड्याळं. काही चालू, पुष्कळशी बंद. नाहीतर ते आलं असेल कुणाच्या कपाटातून, चष्म्याच्या घराशेजारून.

जुन्या वस्तूंभोवती गोष्ट रचायचा आपल्याला फार सोस. कोण होता, कुठं नोकरीला होता, का विकलं. आज ती गोष्ट रचू नका. दिसतंय तेवढंच पुरे.

घड्याळ पालथं करा.

पाठीच्या पोलादावर बारीक रेघा आहेत. सगळ्या दिशांनी. एक जरा खोल आहे. बोटाचं टोक तिच्यावरून न्या. नख अडकतं का?

पट्ट्याची भोकं पाहा. एक भोक लांबट झालं आहे. एवढ्या घेराचं एक मनगट होतं.

आता काच. तिच्यावर ओरखडे आहेत. खरं म्हणजे ही काच नाही, अॅक्रिलिक आहे, म्हणून ओरखडे लवकर पडतात आणि जातातही लवकर. टूथपेस्ट लावून फडक्यानं घासणारे हौशी लोक आहेत. आत्ता घासू नका. ओरखड्यांमधून आत पाहा.

सेकंदकाटा फिरतोय. तो एक फेरी पूर्ण करेपर्यंत डोळे त्याच्यावर ठेवा.

मध्येच मन कुठं गेलं? गेलं असेल. परत आणा.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आता तबकडीवरचे ठिपके. काट्यांच्या पोटातल्या पट्ट्या.

पांढऱ्या असतील असं वाटतं. नीट पाहा. पिवळट आहेत, कडेला तपकिरी.

पाण्याखालच्या अंधारात वेळ दिसावी म्हणून तिथं चमकणारं द्रव्य भरलेलं असतं. त्या काळच्या कितीतरी स्विस तबकड्यांवर, सहाच्या आकड्याखाली अगदी काठाला, ‘टी स्विस टी’ अशी सूक्ष्म अक्षरं असतात. टी म्हणजे ट्रिटियम. हायड्रोजनचंच एक किरणोत्सारी रूप. ते दर सव्वाबारा वर्षांनी निम्मं होत जातं.

मनात मोजा. हळू.

सव्वाबारा वर्षं, निम्मं. आणखी सव्वाबारा, पाव. आणखी सव्वाबारा, पावाचं अर्धं. मग त्याचंही अर्धं. साठ वर्षांनी शंभरातले जेमतेम तीन-चार भाग उरतात.

घड्याळ तळहातावर घ्या. दुसरा हात वर पालथा घाला. दोन अंगठ्यांमधल्या फटीतून आत पाहा.

अंधार.

डोळ्यांना वेळ द्या. थोडा आणखी.

काही दिसतं? बहुतेक नाही. तरी पाहत राहा. उजेड अमुक दिवशी संपला असं ह्या घड्याळाच्या बाबतीत सांगता येत नाही. कुणीतरी रात्री उठून वेळ पाहायचं. एका रात्री दिवा लावून पाहावं लागलं असेल. त्या दोन रात्रींच्या मध्ये पुष्कळ रात्री होत्या, आणि रोज थोडं थोडं कमी दिसत होतं.

जरा आडवाटेनं जातो. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या कितीतरी जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्यानं रंगवलेल्या असतात. जगभरचे संग्राहक त्यांना मुंबईचं नाव लावून नाकं मुरडतात. त्यात तथ्य आहे. रंग भडक असतो, अक्षरं जाड असतात, कधी मूळ घड्याळात नव्हताच असा जांभळा नाहीतर केशरी येऊन बसलेला असतो. तुमच्यासमोरचं तसं निघालं तर? पैसे मोजण्याआधी ते जरूर तपासावं. पण आत्ता आपण बाजारात नाही. कुणीतरी डोळ्याला भिंग लावून, वाकून, ती अक्षरं पुन्हा उमटवली. तो वाकलेला माणूसही पाहा.

हात उघडा. उजेड आत येऊ द्या.

*

डोळे मिटा.

डोंगरातलं एक गाव. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातलं ल लोकल. बाहेर बर्फ पडतंय. आत खिडकीशी एक बाक आहे. बाकावर एक लहान कानस, एक चिमटा, पितळेचं एक दातेरी चाक.

१७३७ सालच्या नोंदीत ह्या गावातल्या अब्राहम फेव्हर नावाच्या घड्याळजीचा उल्लेख आहे.

१७३७. आपला शनिवारवाडा तेव्हा नवा होता, पाच वर्षांचा. त्याच वर्षी बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले. इकडे टापांची धूळ. तिकडे खिडकीशी कानशीचा बारीक आवाज.

दोन्ही ऐका. मग टापा लांब जाऊ द्या.

कानस राहू द्या.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेव्हर आणि ल्यूबा ही दोन घराणी एकत्र आली. १८६० च्या दशकात त्यांच्यातला एक जण, फ्रिट्झ फेव्हर, घड्याळं घेऊन लांबलांबच्या देशांत हिंडला. त्या वाटेवर मुंबई होती. तिथं पेढी झाली आणि पुढं पिढ्यान् पिढ्या राहिली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली, तेव्हा मुंबईत उतरलेल्या मालाला घाट चढायची सोपी वाट झाली. म्हणून हे नाव आपल्या घरांतून ऐकू येतं. लग्नात मिळालेलं, आफ्रिकेतल्या नाहीतर एडनच्या काकांनी आणलेलं, निवृत्त होताना स्वतःच घेतलेलं. ‘फेवर-लुबा’ म्हणायचे आजोबा. चालायचं.

पुढचा भाग भरभर सांगतो. तिथं पाहण्यासारखं कमी आणि सह्या जास्त आहेत. १९६९ च्या नाताळात जपानच्या सैकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं, आणि नंतरच्या वर्षांत स्विस गावांतली कितीतरी बाकं रिकामी झाली. ही कंपनी घराण्याच्या हातून गेली, मालक बदलत राहिले. २०११ मध्ये टाटांच्या टायटननं ती घेतली. पुढं ती इथॉस ह्या भारतीय घड्याळविक्रेत्यांच्या समूहाकडे आली आणि २०२४ मध्ये डीप ब्लू नव्या रूपात पुन्हा निघालं.

झालं.

खिडकीशी परत या. बर्फ. बाक. पितळेचं चाक.

एक श्वास आत. बाहेर.

*

डोळे उघडा. तबकडीभोवतीचं कडं चिमटीत धरा.

त्याच्या कडेला खाचा आहेत, ओल्या बोटांनाही पकडता यावं म्हणून. खाचांमध्ये काळपट काहीतरी साचलंय. साबण, घाम, धूळ. हळूच फिरवा. आधी अडतं, मग सुटतं.

मिनिटकाटा कुठं आहे? कड्यावरचा त्रिकोण नेमका त्याच्या टोकासमोर आणा.

आता हात काढून घ्या.

ह्यापुढं काटा त्रिकोणापासून जेवढा सरकेल तेवढा वेळ गेला. पाण्यात शिरताना पाणबुड्या हेच करतो. नऊ वाजलेत की साडेनऊ, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पाठीवरच्या टाकीतली हवा किती वेळ पुरेल, एवढंच त्याला हवं असतं. नंतरच्या घड्याळांत हे कडं एकाच बाजूला फिरेल असं केलं गेलं. चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये.

खाली हवा लवकर संपते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. तेवढ्याच छातीला प्रत्येक श्वासात दुप्पट, तिप्पट हवा लागते. टाकी तीच, श्वास तेच, हिशेब वेगळा.

पाहा त्या त्रिकोणाकडे. तो श्वासांसाठी तिथं आहे.

मालवणजवळ तारकर्लीला, सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात, पुण्याची किती माणसं सुट्टीत आयुष्यातली पहिली बुडी मारतात. उतरण्याआधी शिकवणारा त्यांना पहिला नियम सांगतो. श्वास रोखायचा नाही. खाली मासा दिसो, भीती वाटो, काही होवो. घेत राहायचा, सोडत राहायचा. वर येताना छातीतली हवा फुगते. रोखून धरली तर फुप्फुस फाटू शकतं.

आत्ता, इथं, तुम्ही श्वास रोखलाय का?

बघा जरा. लक्ष लावून वाचताना आपण नकळत रोखतो.

सोडा.

पुन्हा घ्या. घाई नको. पुरेशी हवा आहे.

पुन्हा सोडा.

असंच थोडा वेळ. काही वाचू नका. सेकंदकाट्याला दोन-तीन फेऱ्या घालू द्या. तो त्याच्या वाटेनं जाईल, तुम्ही तुमच्या.

*

ह्याच घराण्याचं आणखी एक घड्याळ होतं. समोर नाही, पण पाहता येईल.

आधी १९६२ मध्ये त्यांनी डोंगर चढणाऱ्यांसाठी बिव्हॉक काढलं. हवेच्या दाबावरून ते उंची सांगायचं. मग १९६८ मध्ये बॅथी. ते खोली सांगायचं. मनगटावर, काट्यानं, नुसत्या यंत्राच्या जोरावर.

खोली त्याला कळायची कशी?

त्याच्या पाठीच्या झाकणाला भोकं होती. मुद्दाम ठेवलेली. पाणी त्या भोकांतून आत यायचं. आत धातूचा एक पातळ पडदा. पाण्यानं पडदा दाबला जायचा, पडद्यानं काटा ढकलला जायचा. पडद्याच्या अलीकडे समुद्र, पलीकडे कोरडी चाकं.

ह्या पडद्यापाशी थांबा.

पाणी येतंय. थंड आहे, खारट आहे. पडद्याला टेकतंय. पडदा थोडा वाकतो. फार नाही. जेवढं पाणी वर आहे तेवढाच.

आणखी खाली जा. आणखी थोडा वाकतो.

तुमच्या छातीतही, बरगड्यांच्या खाली, एक पडदा आहे. श्वास घेताना तो खाली जातो. सोडताना वर येतो. हात पोटावर ठेवा आणि पाहा.

खाली.

वर.

खाली.

वर.

*

आता मात्र समोरचं घड्याळ जरा बाजूला ठेवा.

एक पितळी घंगाळ आणा. पाण्यानं भरा. पाणी हलायचं थांबेपर्यंत वाट पाहा.

त्यावर तांब्याची एक लहान वाटी अलगद सोडा. पातळ पत्र्याची, हलकी. तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे.

हे घटिकापात्र. लग्नात मुहूर्ताचा क्षण ह्यावरून धरायचे. मांडवात गर्दी, सनई, अक्षता वाटणाऱ्या मुली, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी ह्या वाटीवर डोळे लावून बसलेला. सगळ्या मांडवात तेवढा एकच माणूस स्वस्थ.

आज तो माणूस तुम्ही.

वाटी तरंगतेय. तळाशी पाण्याचा एक थेंब वर आला. चमकला. पसरला.

दुसरा.

आता थेंब वेगळे दिसत नाहीत. तळावर पाण्याची एक चकती आहे, आणि ती वाढतेय. ती वाढताना दिसत नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर मोठी असते.

वाटी जड होते. तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा इथंच घडते. मुलगी वाकून वाटीत पाहते, दागिन्यातला मोती ओघळतो, भोकावर बसतो, पाणी यायचं थांबतं आणि मुहूर्त टळतो. कथा खरी की रचलेली, ह्यात शिरू नका. मोती पाहा. तांब्यावर पांढरा.

आपल्या वाटीत मोती नाही. पाणी येतंय.

काठ पाण्याला टेकला.

आणि वाटी गेली.

तळाशी टेकताना बारीक आवाज झाला. चोवीस मिनिटं झाली. एक घटका.

पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत पाहा.

जुन्या गणितात एका घटकेची साठ पळं, आणि एका पळात सहा श्वास. शांत बसलेल्या, निरोगी माणसाचे. एकेक चार सेकंदांचा. म्हणजे वाटी बुडेपर्यंत ३६०. दिवसरात्रीच्या साठ घटका, त्यांचे २१,६००. योगमार्गातली माणसं अजपाजपाची, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाची, संख्या म्हणून हाच आकडा सांगतात.

आकडा सोडा. एक श्वास घ्या. पुढचे नंतर.

*

घड्याळ पुन्हा हातात घ्या. आता कानाशी न्या.

खोलीत कुणी बोलत असेल तर बोलू द्या. कान घड्याळाला चिकटवा, हाडाला पोलाद लागेल इतकं.

आहे?

आहे. बारीक आहे, पण आहे.

टिकटिक म्हणतात त्याला, पण दोन आवाज सुटे करता येतात का, पाहा. फार जवळजवळ आहेत. आत बॅलन्सचं चाक एका बाजूला वळतं, थांबतं, परत येतं. मधली केसाएवढी कमान मिटते आणि फुलते. दर वळणाला एक ठोका.

त्या काळची पुष्कळ घड्याळं तासाला १८,००० ठोके द्यायची. सेकंदाला पाच. चार सेकंदांचा एक श्वास धरला तर एका श्वासात वीस.

मोजायला जाऊ नका, मोजता येत नाहीत. नुसता एक श्वास घ्या आणि ते वीस ठोके त्याच्या आत होऊ द्या.

सोडा. आणखी वीस झाले.

पुढं बऱ्याच घड्याळांचा वेग वाढवला गेला. तासाला २१,६०० ठोके. आकडा ओळखीचा वाटतो? मलाही वाटला, आणि क्षणभर अंगावर काटा आला. तिथं तासाचे ठोके, इथं दिवसरात्रीचे श्वास. मग कागद घेऊन पाहिलं. दोन्ही हिशेब साठाच्या पाढ्यात वाढलेले आहेत. दोन्हीकडे साठ गुणिले साठ गुणिले सहा. जुळणारच. ह्यावर तत्त्वज्ञान उभारायचा मोह होतो. राहू द्या.

ऐकत राहा.

वरचा आवाज, कुकर, रिक्षा. खालचा आवाज, ठोके. त्याच्याही खाली एक तिसरा आहे. कान घट्ट दाबला की येतो. स्वतःच्या रक्ताचा.

तीनही असू द्या.

*

घड्याळ कानापासून दूर करा. तळहातावर आडवं धरा. हात अगदी हळू कलता करा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

काही फिरल्यासारखं जाणवलं?

आत अर्ध्या चकतीएवढं एक वजन आहे, मध्यावर टांगलेलं. हात हलला की ते फिरतं. फिरलं की चाकं मुख्य कमानीला पीळ देतात. म्हणून हे ऑटोमॅटिक. रोज चावी द्यावी लागत नाही. हातावर असलं आणि हात हलत असला की पुरतं. पोळी लाटताना, बसचा दांडा धरताना, झोपेत कूस बदलताना.

काढून कपाटात ठेवलं की दीड-दोन दिवसांत थांबतं.

थांबलेलं घड्याळ पाहा. मनात आणा. काटे जिथं होते तिथं आहेत. तारखेच्या खिडकीत एखादी अर्धवट तारीख. कान लावला तर काही नाही. वर्षानुवर्षं असंच.

मग कुणीतरी डब्यातून उचलतं. नुसतं उचलतं, किंमत विचारायला.

वजन सरकतं. बॅलन्स हलतो.

उचलणाऱ्याला ते कळतही नाही. तो अजून किंमतच विचारतोय.

*

आता वर यायचं.

सावकाश. पाणबुडे मिनिटाला नऊ मीटरपेक्षा भरभर वर येत नाहीत, आणि पृष्ठभागाच्या पाच मीटर खाली तीन मिनिटं थांबतात. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन असाच, हळूहळू, श्वासावाटे बाहेर पडावा म्हणून.

पाच मीटरवर थांबा.

इथं उजेड आहे. हिरवट. वर पाहिलं तर पाण्याचं छत हलतंय. खाली पाहिलं तर काही दिसत नाही, तिथूनच आलात तरी.

इथं करायचं काही नाही. वर पोचायची घाई वाटते, ती वाटू द्या आणि थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

बोटं हलवा. पायांची बोटं हलवा. जमीन लागते का पाहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

रिक्षा. कुकर. आता बहुधा फोडणीचा वासही.

या वर.

कड्याकडे पाहा. काटा त्रिकोणापासून किती सरकलाय? तेवढा वेळ तुम्ही खाली होतात. कुणाला सांगायची गरज नाही.

त्रिकोण फिरवून पुन्हा बाराच्या समोर आणा. चावी ओढून वेळ जुळवा, मोबाइल पाहून जुळवलीत तरी चालेल. दिवसाला एखाद-दोन मिनिटं मागंपुढं होईल, ह्या वयात एवढं व्हायचंच. चावी आत नीट बसवा. पट्टा बांधा, तुमच्या भोकात. ते लांबट भोक तुम्हाला होईलच असं नाही.

आणि एक काम आहे. लवकरच एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे तेलपाण्याला द्या. तो मागचं झाकण उघडून आतलं रबर दाखवील. वाळून कडक झालेलं असेल, चिमट्यानं उचलताना तुटेल. त्या मापाचं नवं मिळालं तर बसवील, नाहीतर हात हलवून नाही म्हणेल. तोवर दोनशे मीटर ही गोष्ट लिहिण्यापुरती. भांडी घासायला किंवा हात धुवायला उठाल तेव्हा घड्याळ आधी काढा आणि ओट्याच्या कोरड्या बाजूला ठेवा.